मला ते फूल म्हणायचे

लग्नाला चार वर्षं झाली तरी माझ्या नवऱ्यानं मला कधी नावानं हाक मारली नव्हती. "अगं" म्हटलं की मी समजायची. ते गुलबर्ग्याला कचेरीत कारकून होते. उर्दूत शिकलेले, अक्षर मोत्यासारखं. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, मद्रासकडचा साहेब आला आणि कचेरीत इंग्रजी सुरू झाली. तेव्हापासून घरी आले की मुकाट बसायचे.

एकदा वरणात दोनदा मीठ पडलं. ताट सारून ते म्हणाले, "फूल."

मी लाजले. खारट वरणावर रागवायचं सोडून माणूस असं बोलतो, याचं मला कौतुकच वाटलं. पुढं दूध उतू गेलं, किल्ली हरवली, की तोच शब्द. पंचमीला माहेरी जनवाड्याला गेले तेव्हा आईला सांगितलं. तिनं शेजारणींना सांगितलं. बाया चिडवायच्या आणि मला ते गोड लागायचं.

सणाला धाकटा भाऊ कॉलेजातून आला. जेवताना आईनं त्यालाही सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"अक्का, ते फूल न्हाई. इंग्रजी शब्द हाय."

"मंजी?"

"येडी. बिनडोक."

आई त्याच्यावरच उखडली. "कामून सांगायलास तिला? सुखात हुती की."

परतल्यावर मी ह्यांना विचारलं, "एवढे दिवस मला येडी म्हणायलाव व्हय तुमी?"

"साहेब आमाला रोज म्हणतोय, समद्यांम्होरं. आमी मान खाली घालून ऐकतो. तुला घरात ऐकायला काय हुतंय?"

मला त्यांची कीव आलीही असती. पण पुढच्या रविवारी त्यांनी हीच गोष्ट चहा पिता पिता मित्रांना सांगितली, मी कप घेऊन समोर उभी असताना. मी कशी लाजायची तेही करून दाखवलं. मित्र पोट धरून हसले.

त्यानंतर तो शब्द रागाचाही राहिला नाही. पाणी हवं, टॉवेल हवा, तीच हाक. मी ओ द्यायची.

थोरली मुलगी बोलायला लागली तेव्हा तिनं मला आई म्हटलं नाही. घरात ऐकलं होतं तेच म्हटलं. सासूबाईंनी कौतुकानं तिला पुन्हा म्हणायला लावलं. हेही हसले. मी लेकीला उचलून परसात नेलं. "आई म्हण," मी सांगत राहिले. ती माझ्या गालावर हात ठेवून लाडानं तेच म्हणत होती.