दुकानात चालू असलेलं घड्याळ

माझा थोरला भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा आणि देव मानायचा नाही. मी दर रविवारी चर्चला जाणारी. गेल्या वर्षी माझा तरुण मुलगा वारला, तेव्हा दादा दारातूनच परत फिरला. देव न मानणाऱ्याचं काळीज दगडाचंच असणार, असं म्हणून मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

परवा दादाही गेला. त्याचं दुकान आवरताना, माझ्या मुलानं दुरुस्तीला दिलेलं घड्याळ सापडलं. चालू होतं. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, "रोज आधी याला चावी द्यायचे, मगच कामाला बसायचे. ते गेल्यापासून मी देतोय. बहिणीकडे जा म्हटलं, तर म्हणाले, तिला तिचा देव आहे, मी काय समजूत घालणार?"

दादा, वर्षभर मी चर्चमध्ये नुसते ओठ हलवत होते रे!