मागं बघायचं नाही

माझा आवाज मोठा आहे. शाळेत पी.टी.च्या बाईचा तो असावाच लागतो. सोलापूरच्या उन्हात मैदानाच्या पार त्या टोकाला असलेल्या पोरीला इथून "गुडघे वर!" म्हणून सांगायचं तर शिट्टीनं भागत नाही. पण मैदानावरचा आवाज घरात आणायचा नसतो, हे मला फार उशिरा कळलं.

ती मुलगी माझ्याकडे आठवीत आली. मंगळवेढ्याच्या पुढे माळावर त्यांची वाडी, धनगरांची चार घरं. घरी शंभरेक मेंढरं आणि थोडी कोरडवाहू ज्वारी. तालुक्याच्या स्पर्धेत मी तिला अनवाणी पळताना पाहिलं आणि तिथल्या तिथे तिच्या वडिलांना गाठून म्हणाले, "ही पोर मला द्या." त्यांना सगळी वाडी आबा म्हणायची, मीही पुढे तेच म्हणू लागले. आबांनी डोक्यावरचा तांबडा फेटा उगाच सारखा केला, पोरीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "न्या की. पर बाई, उपाशी पळवू नगा." एवढंच. मग ती आमच्या शाळेच्या वसतिगृहात राहायला आली आणि आबा दर पंधरवड्याला एसटीनं काही ना काही घेऊन यायला लागले. हंगामात हुरडा, एरवी कडक भाकऱ्यांची चवड. निम्मं तिला, निम्मं मला. मी नको म्हटलं की म्हणायचे, "तुमी बी वरडून वरडून दमताय की."

पळायची म्हणाल तर पाच हजार मीटर तिच्यासाठीच निघालेली शर्यत. छाती कधी भरून यायची नाही, तोंडावर कधी त्रास दिसायचा नाही. पण एक खोड होती. पळता पळता मान वळवून मागे बघायची. डाव्या खांद्यावरून, दर वळणाला, कधी सरळ रेषेतसुद्धा. मागे बघितलं की पाऊल तुटतं, खांदा वाकडा होतो, आणि ज्या बाजूला मान वळते त्याच्या दुसऱ्या बाजूनं कोणीतरी पुढे निघून जातं. हे मी तिला चुन्याच्या फक्कीनं मैदानावर आकृत्या काढून समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग शिक्षा ठरवली, एकदा मागे बघितलंस की एक चक्कर जादा. एका सकाळी तिनं नऊ चकरा जादा मारल्या आणि दहावी मारताना पुन्हा मागे बघितलं. मला हसू यायला हवं होतं, पण आला राग. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते तुझ्याकडे बघूनच," असं मी सगळ्या मुलींसमोर तिला म्हणाले. ही म्हण मी आता वापरत नाही.

ती खोड कुठून आली ते मला एका दिवाळीच्या सुट्टीत कळलं. मी त्यांच्या वाडीवर गेले होते आणि मेंढरं खतासाठी दुसऱ्या रानात बसवायला न्यायची होती. कळपाच्या पुढे एक माणूस चालतो, मागे एक. पुढचा हाळी देत जातो आणि मेंढरं त्याच्या पाठोपाठ येतात. पुढे ही, मागे आबा, अशी त्यांची वाटणी ती सहा वर्षांची असल्यापासूनची. दर दहा पावलांना ती मागे बघायची. कोकरू लंगडतंय का, मागून ट्रक येतोय का, एखादी मेंढी बाभळीच्या शेंगांपाशी थांबली का. आबा म्हणाले, "बाई, म्होरं चालणाऱ्याचं डोळं मागं पायजेत. न्हायतर नुसतं आपुनच पोचतुया." ती हसून म्हणाली, "आन् मागं बगितलं की पार शेवटाला आबांचा फेटा दिसतुय. फेटा दिसला की समदी मेंढरं हायती म्हनून समजायचं." मी दोघांना तिथेच सुनावलं, की ट्रॅकवर मेंढरं नसतात. दोघंही मान हलवून हसले. माझं बोलणं त्यांना पटलं होतं, पण मान ऐकत नव्हती.

वर्षं गेली. ती राज्यात पहिली आली, मग देशात, मग राष्ट्रीय शिबिरात तिची निवड झाली. आणि एके दिवशी आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धेच्या संघात तिचं नाव आलं. आमच्या चौकात फ्लेक्स लागला. त्यावर तिचा फोटो लिंबाएवढा आणि शुभेच्छुकांचे कलिंगडाएवढे. आबांना तो बघायला मी मुद्दाम बोलावलं. ते फ्लेक्ससमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "पोर बारीक झालीया."

शर्यत परदेशात होती, आपल्याकडे संध्याकाळ. आबा माझ्या घरी आले होते. मोबाइल मी पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि आम्ही दोघं सतरंजीवर बसलो. साडेबारा फेऱ्या. आबांना फेऱ्या मोजता येत होत्या, कळप मोजणाऱ्या माणसाला ते काय अवघड. शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा ती तिसरी होती. मी उभी राहिले. शेवटचं वळण संपलं, सरळ रेषा लागली, ती तिसरीच. चौथी मुलगी चांगली दहा पावलं मागे होती. मी मूठ आवळून उभी होते. आणि तिनं मागे बघितलं. डाव्या खांद्यावरून, नेहमीसारखं. पाऊल तुटलं, दोन पावलं वाकडी पडली, घाबरून तिनं पुन्हा एकदा बघितलं, आणि उजवीकडून ती चौथी मुलगी आली. रेषेवर दोघींच्या छातीत वीतभर अंतर होतं.

आबांचा चेहरा फुलला होता. "चवथी आली की वो बाई! समद्या आशियात चवथी म्हंजी लई झालं की!"

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, विसरायचा प्रयत्न करूनही. "मेडल तिघींनाच असतं आबा. चौथीला कुत्रं विचारत नाही. तुम्ही शिकवलंत ना मागं बघायला? घ्या. तुमच्या मेंढरांनी खाल्लं तिचं मेडल." आणि हे सगळं मैदानावरच्या आवाजात. शेजारच्या घरातली यंत्रमागाची खटखट थांबल्यासारखी वाटली.

आबांनी पुढ्यातला चहा उचलला. तो गार झाला होता, तरी सगळा प्याले, कारण दिलेलं टाकायचं नाही. कप मोरीत नेऊन विसळला. घोंगडं खांद्यावर टाकलं आणि दारात वळून म्हणाले, "चुकलं बाई." मला तेव्हाही वाटलं, बरं झालं, कोणीतरी बोलायलाच हवं होतं.

त्यानंतर हुरडा येत राहिला, पण आबा घरात येईनासे झाले. वसतिगृहाच्या रखवालदाराकडे माझ्यासाठी पिशवी ठेवून परस्पर परत जायचे. मी मनात म्हणायची, येतील राग गेला की. त्यांना राग आलाच नव्हता, चूक त्यांनी स्वतःची मानली होती, हे मला सुचलंसुद्धा नाही.

स्पर्धेहून आल्यावर ती सुट्टी काढून वाडीवर गेली. महिन्यानं पुन्हा शिबिराला निघाली तेव्हा सोलापूरच्या एसटी स्टँडवर मी तिला सोडायला गेले, आबाही आले होते. गाडी लागली. ती पिशवी उचलून निघाली तसे आबा तिला म्हणाले, "हितनं म्होरं मागं बगायचं न्हाय. गाडीत चढताना बी न्हाय. कुनीबी हाक मारू दे." ती हसली. तिला वाटलं ते थट्टा करतायत. पण आबा हसत नव्हते, तेव्हा तिनं मान हलवली आणि चालू लागली.

मी तिच्या मानेकडे बघत होते. इतकी वर्षं ज्या मानेवर मी चिडत आले ती मान ताठ होती. गर्दीतून ती गाडीपर्यंत गेली, चढली, पलीकडच्या बाजूला बसली. एकदाही वळली नाही. आबांचा हात अर्धा वर गेला होता, तो तसाच राहिला. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "बगा बाई. न्हाय बगितलं." आणि मी म्हणाले, "शाबास आबा! आता येतंय मेडल."

मी जिंकल्यासारखी उभी होते. गाडी स्टँडच्या फाटकातून बाहेर पडून वळेपर्यंत आबा हलले नाहीत. मग फेट्याच्या टोकानं त्यांनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले. सोलापुरात धुळीला काय तोटा. मी विश्वास ठेवला, रिक्षा केली आणि घरी आले.

पुढच्या ज्वारीच्या काढणीत, मेंढरं रानात बसलेली असताना, आबांच्या छातीत दुखलं. गाडी मिळून मंगळवेढ्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. ती शिबिरातून निघाली, दोन गाड्या बदलून पोचली, तोवर राख सावडायची वेळ आली होती. मी तिला जवळ घेतलं तेव्हा ती रडली नाही. मीच रडले, आणि तेही मोठ्यानं.

त्यालाही वर्ष होऊन गेल्यावर बातमी आली. त्या शर्यतीत पुढे आलेल्या तिघींपैकी एक उत्तेजक घेतल्याबद्दल बाद झाली होती. खालच्या सगळ्या एकेक पायरी वर सरकल्या. आमची चौथी तिसरी झाली. मला अभिनंदनाचे इतके फोन आले की मी मोबाइल बंद करून ठेवला. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. पण खरी टोचणी निराळी होती. तिनं मागे बघितलं तरी ते पदक तिचंच होतं. आबांनी काहीच चुकवलं नव्हतं, आणि "चुकलं बाई" म्हणून गेला तो माणूस.

पदक आलं ते शाळेत आलं, कारण तिच्या सगळ्या फॉर्मवर मी शाळेचाच पत्ता घातला होता. वाडीवर टपाल धड पोचत नाही. खोका मी सही करून घेतला, टेबलावर ठेवला आणि दोन दिवस उघडला नाही. ती तेव्हा सुट्टीवर घरी होती. तिसऱ्या दिवशी तो पिशवीत घालून मंगळवेढ्याची एसटी धरली आणि फाट्यापासून चालत वाडीवर गेले.

तिच्या आईनं पदक हातात घेतलं, पुन्हा पुन्हा उलटंपालटं केलं. "कुनाचं व्हतं ह्ये?" तिनं विचारलं. मी म्हणाले, तुमच्याच लेकीचं. "तसं न्हवं. आधी कुनाच्या गळ्यात व्हतं? त्या पोरीकडनं काडून घेतलं व्हय?" आईनं देवळीतला भंडारा चिमटीत घेऊन पदकाला लावला, थोडा जास्तच, म्हणजे अर्धा त्या दुसऱ्या पोरीसाठी असावा. मग ते पेटीत ठेवलं. आबांचा फेटाही त्याच पेटीत घडी करून ठेवलेला होता.

दुपार कलल्यावर मेंढरं हलवायची होती. मी म्हणाले, मीपण येते. ती पुढे निघाली, तिच्या मागे मेंढरं, आणि शेवटी काठी हातात देऊन मला उभं केलं, कारण दुसरं माणूस नव्हतं. अर्धा मैल गेलो असू. एक कोकरू बाभळीच्या काट्यात पाय अडकून मागे राहिलं, ओरडायला लागलं. ती चालतच राहिली. मी वाट पाहिली, आता वळेल, मग वळेल. मान ताठ. शेवटी मीच हाक मारली, माझ्या त्या आवाजात, तेव्हा ती थांबली. मागे न बघताच उभी राहिली. मी कोकराचा पाय सोडवून त्याला उचलून पुढे तिच्यापाशी घेऊन गेले.

"अगं, ओरडत होतं ते. बघायचंस ना."

"सवय मोडली बाई," ती म्हणाली. तक्रार नव्हती, जेवण झालं असं सांगावं तसं म्हणाली. कोकराला माझ्याकडून घेऊन तिनं त्याचा पाय चोळला. मग खाली बघतच विचारलं, "त्या दिशी स्टँडवर आबा कुटवर हुबं व्हतं?"

खोटं बोलता आलं असतं. लगेच गेले, असं म्हणता आलं असतं. पण ती इतके दिवस हा प्रश्न घेऊन बसली होती आणि विचारायला दुसरं कोणी नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. हात अर्धा वर गेला होता ते, गाडी वळेपर्यंत उभे होते ते, धूळ गेली म्हणाले तेही. आणि मी शाबास म्हणाले होते, तेही.

ती कोकराचा पाय चोळत राहिली. "खिडकीच्या काचंत बगनार व्हते मी," म्हणाली. "पर त्यांनी न्हाय सांगितलं व्हतं. म्हनून पल्याड बसले."

"चुकलं गं माझं," मी म्हणाले. आयुष्यात इतक्या हळू आवाजात मी काही बोलले नसेन. तिनं कोकरू खाली सोडलं आणि ती पुढे निघाली. मी मेंढरं जाऊ दिली आणि पुन्हा शेवटी जाऊन उभी राहिले.

ओढ्याच्या उताराला लागताना तिचं पाऊल अडलं. ती थांबली आणि वळली, डाव्या खांद्यावरून, अगदी पूर्वीसारखी, आणि सगळ्या मेंढरांवरून नजर नेत पार शेवटापर्यंत बघितलं. जिथे आबांचा फेटा दिसायचा तिथे काठी घेऊन मी उभी होते, डोक्यावरून पदर घेतलेली. ती बराच वेळ बघत राहिली.