वरचा मजला नामंजूर

आमचं घर येलहंकाला, हवाई दलाच्या भिंतीला जवळजवळ खेटून. वडिलांनी जागा घेतली ती स्वस्त होती म्हणून. विमान डोक्यावरून गेलं की बोलणं अर्ध्यावर थांबवायचं आणि आवाज ओसरला की पुढे चालू करायचं, ही इथली रीत. बायको गेल्यापासून थांबवायला बोलणंच उरलेलं नाही.

थोरली अक्का राजाजीनगरला, भाड्याच्या घरात एकटी. तिचेही यजमान गेले. इकडेच राहायला ये म्हणून मी तिच्या मागे लागलो. ती म्हणाली, "दोन दिवस पाहुणी म्हणून येईन. कायम राहायचं तर माझी चूल वेगळी हवी." आमच्यातल्या जुन्या बायकांचं हे असंच. भावाकडे पोटभर जेवतील, पण भावजयीच्या ओट्यावर आपला संसार मांडायचा नाही, मग भावजय असो वा नसो. म्हणून मी ठरवलं, एक मजला चढवायचा. अक्काचे गुडघे दुखतात, तेव्हा खालचं घर तिला आणि वर मी.

नकाशा काढून घेतला आणि कॉर्पोरेशनच्या ऑफिसात दिला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, तसा थांबलो. शेवटी तिथल्या इंजिनिअरनं समोर बसवून कन्नडमध्ये सांगितलं, धावपट्टीच्या इतक्या जवळ नवा मजला मिळणार नाही. आहे ते घर राहू द्या, वर एक वीटही नको. मी भडकलो. पलीकडे एवढाले टॉवर उभे राहिलेत ते दिसत नाहीत का, म्हणालो. "ते लांब आहेत सर," तो म्हणाला. "स्वल्प पाणी घ्या." मी पाणी न पिताच उठलो.

घरी येईपर्यंत डोकं जरा निवलं. वर नाही तर नाही, मागची खोली रिकामीच आहे की. लगेच अक्काला फोन लावला. "मजला गेला खड्ड्यात. कॉर्पोरेशन नाही म्हणालं. मागच्या खोलीत तुला ओटा घालून देतो. गॅस वेगळा, नळ वेगळा. पुढच्या महिन्यात ये."

ती म्हणाली, "नको रे."

"का? चूल हवी होती ना तुला?"

"चूल म्हटलं की तू विषय सोडशील असं वाटलं मला. तू थेट नकाशा काढलास. आता ते नाही म्हणाले ऐकून हायसंच वाटलं बघ."

"पण का, अक्का?"

"तू फार चिडतोस रे. तुझी बायको होती तोवर ती सांभाळून घ्यायची. तुझ्याशी फोनवर तासभर बोलले की मला बरं वाटतं. पण सबंध दिवस नाही झेपायचं."

फार लागलं मला. उत्तर जिभेवर आलं होतं, पण तेही चिडकंच होतं, म्हणून गिळलं. "सरी, ठीक आहे," एवढंच म्हणालो.

"ठेवू मग?" तिनं विचारलं.

थांब की जरा, असं म्हणायचं होतं. "ठेव," म्हणालो.