सरस्वतीपूजेला उघडलेली पुस्तिका

पंकजा कुठलीही वस्तू घरात आली की आधी खोक्यातली माहितीपुस्तिका काढते. चोळपुरम गावाहून लग्न करून आमच्या मेलकावेरीत आली तेव्हापासूनची ही सवय. मिक्सर आणला तेव्हा दोन दिवस चालू केला नाही. पेन्सिलीने खुणा करत पुस्तिका वाचली. गल्लीतल्या बायका हसायच्या, "अक्का, चटणी वाचायची का खायची?" त्यांचे मिक्सर जळले. तिचा सोळा वर्षं चालतो आहे. हसणाऱ्यांत शेजारी राहणारा मीही होतो. पितळेच्या कारखान्यात चाळीस वर्षं पॉलिशला बसलो, एक कागद वाचला नाही.

तिचा नवरा वरदराज माझ्या शेजारच्या चाकावर बसायचा. पितळेची धूळ त्याच्या छातीत गेली. आता घरी ऑक्सिजनचं मशीन आहे; चार दिवसांपूर्वी आलं ते लगेच चालू करावं लागलं, पुस्तिका वाचायला पंकजाला वेळच मिळाला नाही. नळी नाकातून निघाली तर पाच मिनिटांत ओठ काळे पडतात.

सरस्वतीपूजेला आमच्याकडे पुस्तकं रेशमी कापडाखाली मांडतात. दुसऱ्या दिवशी विजयादशमीच्या सकाळची पूजा होईपर्यंत एक अक्षर वाचायचं नाही. सरस्वतीपूजेच्याच दिवशी हत्यारांना आणि यंत्रांना गंध-हार. या वर्षी पंकजाने मशीनची पुस्तिकाही कापडाखाली ठेवली. मशीनला गंध मी लावलं. नवं उपरणं गुंडाळलं, वर शेवंतीचा जाड हार आवळून बांधला. ढिलं काम मला चालत नाही.

थोड्या वेळाने मशीन ओरडायला लागलं. लाल दिवा. वरदराजच्या बोटावरच्या, रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या चिमट्यात नव्वद, मग शहाऐंशी. त्याचे खांदे वरखाली होत होते.

"एक थाप मारतो," मी म्हटलं. कारखान्यात मोटर अडली की हेच करायचो.

"अण्णा, हात काढा!"

तिने कंपनीला फोन लावला. सुट्टी, कोणी उचलेना. अँब्युलन्सवाला म्हणाला, अर्धा तास. त्र्याऐंशी.

ती पूजेपाशी गेली. कापडावर हात ठेवला आणि थांबली. तीस वर्षांत तिने हा नेम मोडला नव्हता.

"पंकजा, आज नको," माझ्या तोंडून निघून गेलं. त्याची लाज अजून वाटते.

"मग केव्हा, अण्णा? उद्या?"

तिने कापड ओढलं. पुस्तकं कुंकवात पडली. ती ओळीखाली बोट ठेवून वाचू लागली. एक शब्द गाळला नाही. "लाल दिवा... हवा आत घेणारी जाळी झाकली आहे का पाहा... मशीन चारी बाजूंनी मोकळं ठेवा..."

आम्ही दोघांनी हाराकडे पाहिलं.

गाठ सुटेना. मीच मारलेली. तिने पूजेतली कात्री उचलून हार कापला, उपरणं फाडलं. जाळीत गंध बसलं होतं. मशीनच्या खोक्यात दुसरी जाळी होती. पान पाहून तिने ती बसवली. एक्याऐंशी. एक्याऐंशी. चौऱ्याऐंशी. दिवा विझला.

बऱ्याच वेळाने वरदराज म्हणाला, "अण्णा... मला हार घालायची... एवढी घाई?"

कोणी हसलं नाही.

अँब्युलन्सवाल्यांनी तपासलं. ब्याण्णव. घरीच राहू द्या म्हणाले. ते गेल्यावर पंकजा जमिनीवर बसली आणि तिने पुढचं पान उलटलं.

"अजून अकरा पानं आहेत. बसा, अण्णा. मोठ्याने वाचते."

मी बसलो. मशीनचा आवाज जरा बदलला की दोघं मान वर करत होतो. मग ती तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायची.