पोखर्णीची दुपार

हैदराबादेत काचीगुडा स्टेशनवर गाडीत चढलो तेव्हा माझ्या हातात सहा फुटांची सरळ काठी होती. झोळीत गवंड्याचा ओळंबा, इंचांची फीत आणि त्रिकोणमितीची कोष्टकं होती. मनगटावर वसतिगृहातल्या मित्राचं घड्याळ होतं. घड्याळ बांधून प्रवास करण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून बाही जरा वर सारून घेतली होती.

या सामानाचं कारण सांगायला संकोच वाटतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शाळा संस्थानी काळात उर्दूतून झाली, कॉलेज इंग्रजीतून. खगोलशास्त्र हा विषय हौसेनं घेतला आणि सहामाहीत नापास झालो. सरांनी बोलावून सांगितलं, "मार्चमध्ये दिवस आणि रात्र सारखे होतात, त्या दिवशी आपल्या गावी जा. उभ्या काठीची मध्यान्हीची सावली मोजा आणि गावाचा अक्षांश काढून आणा. तो बरोबर आला तर विषयात राहा. नाहीतर दुसरा विषय घ्या." त्या दिवशी हे गणित अगदी सोपं असतं. पण दिवस एकच असतो. ढग आले की संपलं.

तिकीट तपासनीस काठीकडे पाहून थबकला.

"क्या मियाँ, ये लकडी किस वास्ते?"

"सूरज नापने के वास्ते," मी खरं ते सांगितलं.

"इत्ती दूर नापना था तो टिकट बी लंबा लेना था," असं म्हणून त्यानं माझं तिकीट टोचलं. डबाभर लोक हसले. मीही हसलो, पण काठी पायांत ओढून घेतली.

सकाळी परभणीला उतरलो. फलाटावरच्या घड्याळाशी मनगटावरचं घड्याळ मिळवून घेतलं, कपबशी चहा घेतला आणि पोखर्णीच्या मोटारीत बसलो. रस्ता खडीचा. दोन्ही बाजूंना ज्वारी काढून झालेली काळी रानं, मधूनच कडब्याच्या गंजी. एका धक्क्यानं काठी आडवी झाली आणि पुढच्या बाकावरच्या आजोबांचा पटका खाली पडला. मी उचलून दिला. त्यांनी तो शांतपणे पुन्हा बांधला.

"लेकरा, मोटारीत म्हसरं हाकायलास का?"

मी माफी मागितली. मग त्यांनीच काठी धरून बसायला मदत केली.

पोखर्णीला नृसिंहाचं दर्शन घेतलं. माझे आईवडील गावात नव्हते. आम्ही मेंढपाळ. रानं मोकळी झाली की शेतकरी खतासाठी आपल्या शेतात मेंढरं बसवून घेतात, आणि आमचं बिऱ्हाड मेंढरांमागं फिरतं. देवळापुढच्या हॉटेलवाल्याला विचारलं, तर त्यानं कढईवरून मान न उचलता सांगितलं, "ओढ्यापलीकडच्या मळ्यात बसलीत. कुत्र्यापासून जपा, लय वाईट हाय."

कुत्रं आमचंच होतं. त्यानं मला दुरूनच ओळखलं.

मळ्यात पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. माय तीन दगडांच्या चुलीपाशी होती. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि "वाळलास" एवढंच म्हणाली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काठी हातात घेऊन डोळ्यापुढं धरली.

"सरळ हाय. कुठं रोवायची?"

मी सपाट जागा मागितली. त्यांनी वाघुरीच्या (मेंढरांभोवती लावायची दोरीची जाळी) दाराकडची जागा दाखवली. कोकरं आत असल्यामुळं वाघूर दिवसाही ताणलेलीच होती. "ह्या दक्षिणेकडच्या मेखेला लागून रोव. न्हाईतर मेंढरं आली की पाडतील."

ओळंबा लावून काठी उभी केली. बाराला पाच कमी असतानाच फीत घेऊन गुडघ्यावर बसलो. ठीक बाराला सावली मोजली. सत्तावीस इंच. कोष्टक उघडलं, दोनदा ताडून पाहिलं. अक्षांश आला साडेवीस.

झोळीतला नकाशा काढला. साडेवीसची रेघ अजिंठ्याजवळून जात होती. पोखर्णीपासून नव्वद मैल. फीत सरळ होती, काठी सरळ होती, आकाश स्वच्छ होतं. म्हणजे चूक माझीच होती आणि कुठं होती ते मला कळत नव्हतं. विषय सोडावा लागणार, असं स्पष्ट दिसायला लागलं.

"तोंड का पाडलंस रं?" आबांनी विचारलं.

"गणित चुकलं, आबा. आपलं गाव अजिंठ्याला गेलं."

"यील माघारी. आदी भाकर खा."

"आज दुपारचीच सावली पाहिजे होती. ती तर होऊन गेली."

आबांनी जमिनीकडं पाहिलं. "दुपार कुठं झालीय अजून?"

"घड्याळात बारा वाजून गेले."

"कुठलं हाय घड्याळ?"

"हैदराबादचं."

"मग तिकडं झाली असल. हितं व्हायचीय." ते काठीपाशी उकिडवे बसले. "सावली पल्याडच्या मेखेच्या ओळीत आली न्हाई अजून. बघ की, मावळतीला चार बोटं सरकलेली हाय."

मी पाहिलं. दाराकडच्या दोन मेखांमध्ये जमिनीलगत दोरी ताणलेली होती. काठीची सावली त्या दोरीच्या पश्चिमेला तिरपी पडली होती.

"ह्या मेखा कशावरून ठोकता?"

"ध्रुवावरून. दार नीट उगवतीला पाहिजे, म्हणजे सकाळचं पैलं ऊन कोकरावर पडतंय. सूर्य रोज जागा बदलतोय, त्याच्या भरवशावर दार कसं लावायचं? म्हणून येरवाळी, पहाटं ध्रुव दिसला की त्याच्या ओळीत दोन मेखा मारायच्या. माझा बाप आसंच करायचा."

मी त्या दोरीवरून बोट फिरवलं. सरांनी फळ्यावर काढलेली उत्तर-दक्षिण रेघ, जिच्यावर सूर्य आला की खरी मध्यान्ह होते, ती मी वहीत उतरवून घेतली होती. देशभर घड्याळं एकच वेळ दाखवतात, पण सूर्य पश्चिमेकडच्या गावांत उशिरा डोक्यावर येतो, हेही त्याच पानावर होतं. पाठ केलं होतं, समजलं नव्हतं. आणि ती रेघ इथं सुतळीची होऊन माझ्या गुडघ्यापाशी पडली होती.

आम्ही दोघं बसून राहिलो. दर पाच मिनिटांनी मी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचो. माय भाकरी आणि येसराची आमटी तिथंच घेऊन आली. "दोघं बापलेक भुईत काय हुडकायलेत कुणास ठाऊक," असं म्हणत तीही थांबली. सव्वीस इंच. साडेपंचवीस. पंचवीसवर सावली दोरीखाली शिरली.

"ही दुपार," आबा म्हणाले.

घड्याळात साडेबारा झाले होते. पुढचा खडा पुन्हा लांब पडला. अक्षांश आला एकोणीस अंश नऊ कला. आमटी निवून गेली होती, ती मी तशीच वाटीनं प्यालो.

दोन दिवसांनी हैदराबादला परतलो. सरांनी कागद वाचला, भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली. रेघ परभणीच्या किंचित खालून गेली. "ठीक आहे, तुम्ही विषयात राहा," ते म्हणाले. मग त्यांचं बोट कागदाच्या वरच्या ओळीवर थांबलं. तिथं 'वेध घेणारे' असं छापलेलं असतं. मी दोन नावं लिहिली होती.

"हे दुसरे कोण? कुठल्या कॉलेजचे?"

वर्ग भरलेला होता. माझी जीभ अशा वेळी नेहमी अडखळते.

"माझे वडील आहेत, सर. मेंढ्या राखतात. उत्तर-दक्षिण रेघ त्यांनी आखलेली होती."

"कशी?"

मी सांगितलं. सरांनी मला खडू दिला आणि दोन मेखा फळ्यावर काढून दाखवायला लावलं. तासाच्या शेवटपर्यंत मुलं प्रश्न विचारत होती, आणि पोखर्णीचा असल्यामुळं उत्तरं मला येत होती. त्या प्रवासात मी सूर्याइतकंच माझ्या घरालाही नीट पाहिलं, असं वाटतं. ते घर कोणत्या अक्षांशावर आहे हे आता मला ठाऊक आहे, आणि ते मी मोठ्यानं सांगू शकतो.