काका म्हणू नकोस

आमच्या भाऊजींचं एक वाक्य ठरलेलं होतं. आपल्याकडचं नवीन पोर कामाला आलं आणि सवयीने "काका" म्हणालं, की ते हातातली कानस खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि म्हणायचे, "काका म्हणू नकोस. मी तुझ्या बापाचा भाऊ नाही." त्यात राग नसायचा. दुकानाची वेळ सांगावी तसं सांगायचे आणि परत कानस उचलायचे.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. मी त्यांच्या कारखान्यात गाडी चालवतो, आणि ताईच्या मते उरलेल्या वेळात तोंड चालवतो. कारखाना म्हणजे काय, तर टायरवाला आणि लाँड्री यांच्या मधला एक लांबट गाळा. पुढे फोन घेणाऱ्या बाईचं, म्हणजे आमच्या फोनबाईचं, टेबल आणि बसायच्या खुर्च्या. मागे प्लास्टरची पिंपं, भट्टी आणि भिंतीला टांगलेले पाय. नवा माणूस ते बघून दचकतो. आम्ही कृत्रिम पाय बनवतो.

काम ऐकायला सोपं आहे. ज्याचा पाय गेला त्याच्या उरलेल्या भागाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घ्यायचा. साच्यात प्लास्टर ओतून तसाच ठोकळा काढायचा. तो कानशीने घासत घासत नेमका करायचा आणि त्यावर भट्टीत मऊ केलेलं प्लास्टिक चढवायचं. असा तयार झालेला कप नीट बसला तर माणूस चालतो. नाही बसला, तर पाय कपाटात जातो आणि माणूस पुन्हा कुबड्या काढतो. सगळी मेख घासण्यात आहे.

भाऊजी मुळात या देशातले नाहीत, आम्ही कोणीच नाही. ते इथे पूल बांधायचं शिकायला आले होते. पदवी झाली की नोकरी शोधायला सरकार थोडी मुदत देतं, ती संपत आली तरी पूलवाल्यांपैकी कोणी दारात उभं केलं नाही. या गाळ्याच्या जुन्या मालकाला भाराचं गणित येणारा माणूस हवा होता. "तात्पुरतं आहे," असं भाऊजी तेव्हा ताईला म्हणाले होते. त्या तात्पुरत्यात त्यांचे केस पिकले, जुना मालक गेला, गाळा यांच्याकडे आला, आणि पूल त्यांनी आजतागायत एकही बांधला नाही.

मग आपल्याकडची पोरं यायला लागली. शिक्षण झालंय, मुदत संपतेय, काका, तेवढं कामावर घ्या, परवानगीचं बघा. भाऊजींनी दोघांना घेतलं. दोघं आमच्या घरी जेवायची, ताई त्यांचे डबे भरायची, आजारपणं काढायची. दिवसभर घरात नुसतं काका आणि काकू. कायम राहायचा शिक्का मिळाला आणि दोघंही मोठ्या शहरात निघून गेली. जाऊ देत, त्यात वाईट काय? पण एकाने पुढे फोन उचलणंसुद्धा सोडलं. ताई रडली. भाऊजी रडले नाहीत, त्यांनी ते वाक्य तयार केलं.

त्यानंतर आपल्याकडचीच एक मुलगी आली. कृत्रिम अवयवांचंच शिकलेली, गळ्यात सदा मोजपट्टी. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, हात कुठे धुऊ?"

भाऊजींनी कानस ठेवली, चष्मा वर केला. "काका म्हणू नकोस. मी तुझ्या बापाचा भाऊ नाही."

"बरं, काका," ती म्हणाली आणि बेसिन शोधायला गेली.

मी हसू दाबायला गाडीत जाऊन बसलो.

मुद्दाम नव्हतं हो ते. जीभच तशी वळलेली. वयाने मोठ्या माणसाला नुसतं नावाने हाक मारायची तर तिच्या घशात घास अडकल्यासारखं व्हायचं. भाऊजी रोज सांगायचे, ती रोज "सॉरी काका" म्हणायची. शेवटी त्यांनी हात टेकले. उलट तीच हाक पसरली. फोनबाई इथलीच, तिला आपली भाषा ओ की ठो कळत नाही, पण तीही "काका" म्हणायला लागली. मग टायरवाला. मग पेशंट. एक म्हातारे मास्तर तर आल्या आल्या दारातूनच "काकाऽ" अशी आरोळी ठोकायचे. निम्म्या गल्लीला ते भाऊजींचं नावच वाटायचं. फोनबाईने एकदा अर्थ विचारला, तेव्हा मुलीने सरळ सांगून टाकलं, "वडिलांचा भाऊ."

भाऊजी तिला मोजपट्टी म्हणायचे. "ए मोजपट्टी, गुडघ्याखाली किती घेतलंस?" असं. जुन्या मालकाची एक अर्धगोल कानस आहे, तिला मी कधी हात लावलेला भाऊजींना खपला नाही. एक दिवस बघतो तर ती मोजपट्टीच्या टेबलावर. मी म्हटलं, "भाऊजी, आम्ही काय पाप केलंय?" ते म्हणाले, "तू गाडी पूस." मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण तिने घासलेला कप मास्तरांना पहिल्या फेरीत बसला, आणि मास्तर जिना चढून दाखवून आले. मग मी गाडी पुसली.

तिचीही मुदत संपत आली. रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर खल झाला. ताईचं म्हणणं, अजून एक पदवी घे, शिकतेय तोवर कोणी हाकलत नाही. मुलगी म्हणाली, "काकू, पुस्तकातले पाय खूप झाले." मी म्हटलं, इथल्या एखाद्या मुलाशी लग्न कर, टायरवाल्याचा भाचा चांगला आहे. ताईने डाव उगारला. परत जायचं म्हटलं तर तिच्या गावात पाय बनवणारं कोणी नाही, एखाद्या दवाखान्याच्या काउंटरवर पावत्या फाडत बसावं लागलं असतं. उरला एकच रस्ता. कारखान्याने लिहून द्यायचं की आम्हाला हिची गरज आहे, आणि सरकारने त्यावर कामाची परवानगी द्यायची. सगळे भाऊजींकडे बघायला लागले. ते ताटातलं संपवत होते.

"वकीलबाईंना फोन लाव," ते मला म्हणाले.

व्हिसाची कामं करणाऱ्या या वकीलबाई फटकळ, पण कामाला चोख. अर्ज गेला. काही आठवड्यांनी व्हिसा खात्याची एक तपासनीस बाई न सांगता कारखान्यात आली. नोकरी खरी आहे की कागदावरची, हे बघायला येतात. तिने भट्टी बघितली, मुलीला साचा काढताना बघितलं, मान डोलावली. सगळं छान चाललं होतं. जाता जाता तिने फोनबाईला विचारलं, "मालक कुठे आहेत?"

"काका? आत आहेत."

"हे त्यांचं नाव का?"

"नाही हो," फोनबाई कौतुकाने म्हणाली. "त्यांच्या भाषेत काका म्हणजे वडिलांचा भाऊ. ही त्यांना तसंच म्हणते."

बाईने ते लिहून घेतलं.

वकीलबाईंचा फोन आला तो ओरडतच. जवळच्या नातेवाइकाने दिलेली नोकरी या परवानगीला चालत नाही. माणसं आणायला पुतणे-भाचे कामावर दाखवतात, म्हणून नियमच तसा. आता मुलाखतीला बोलावलं होतं. तिथे पटलं नाही तर अर्ज फेटाळला जाणार आणि मुलीला देश सोडावा लागणार. दुसरी संधी नाही. बिचारी फोनबाई टेबलाशी बसून रडायला लागली. मुलगीच तिला पाणी देत होती.

वकीलबाईंनी बजावलं, "तिथे एकदाही तो शब्द नको. सर म्हणायचं. घरी, कारखान्यात, सगळीकडे आतापासून सर. आणि साहेब, तुम्हाला विचारलं ती कोण, तर लांबण लावू नका."

"मला काय सांगता?" भाऊजी म्हणाले. "मी पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय."

मुलाखतीला मलाही बोलावलं होतं, कर्मचारी म्हणून. बंद खिडक्यांची खोली, एक अधिकारी, टेबलावर पाण्याचा जग. मुलगी भाऊजींच्या शेजारी, हात मांडीवर. अधिकारी माणूस सभ्य होता. आधी त्याने मला विचारलं, "तुम्ही कोण?"

"यांचा मेहुणा."

"म्हणजे नातेवाईक."

"हो, पण त्याला यांचा नाइलाज होता."

तो हसला नाही. वकीलबाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मग तो भाऊजींकडे वळला. ही तुम्हाला वडिलांचा भाऊ म्हणते, हे खरं का? भाऊजींनी समजावून सांगितलं. आमच्यात मोठ्या माणसाला तसंच म्हणतात. बस चालवणारा काका, दूध टाकणारा काका, शाळेचा शिपाई काका. भाजीवाली मावशी. पोलीससुद्धा मामा.

"मग खऱ्या काकाला काय म्हणता?"

"काकाच."

"मग कोण खरा, हे कळतं कसं?"

"कळतं," भाऊजी म्हणाले.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "मी साधं विचारतो. ही तुमची कोण?"

इतकी वर्षं हा माणूस आल्यागेल्याला ते वाक्य सांगत आला होता. मी मनात म्हटलं, चला, सुटलो. पण भाऊजींनी चष्मा कपाळावर ढकलला, परत खाली घेतला. समोरचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. मुलगी मान खाली घालून बसलेली. वकीलबाई खोकल्या. मी म्हटलं, हा माणूस आता काहीतरी भलतंच बोलून बसतो आणि पोरीचं वाटोळं करतो.

"कोणी नाही," भाऊजी म्हणाले.

"घरी येणं-जाणं?"

"कामापुरतं."

"उद्या परवानगी नाकारली, तर तुमचं काय नुकसान?"

"एक कारागीर कमी होईल. दुसरा शोधेन."

"बस्स?"

"बस्स."

अधिकाऱ्याने लिहिलं. मुलीला त्याने तिच्या कामाचं विचारलं, तिने नीट उत्तरं दिली. दर वाक्याला "सर" होतं. बाहेर आल्यावर वकीलबाई खूश होत्या. "साहेब, इतकं कोरडं बोलणारा मालक मी पाहिला नाही. काम फत्ते समजा." गाडीत मी रेडिओ लावला, भाऊजींनी बंद केला.

परवानगी आली. फोनबाईने केक आणला, टायरवाला आला, मास्तर जिना चढण्याची गोष्ट पुन्हा सांगून गेले. ताईने मुलीला जवळ घेतलं. मुलगी भाऊजींसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "थँक यू, सर."

"हं," भाऊजी म्हणाले. "केक खा."

आम्हाला वाटलं, चार दिवसांत जीभ परत वळेल. नाही वळली. परवानगी ठरावीक मुदतीची, पुढे ती वाढवावी लागते आणि तपासनीस कधीही न सांगता येते, हे तिच्या मनाने घेतलं. ती कारखान्यात सर म्हणते, फोनवर सर म्हणते. रविवारी येणंही कमी केलंय. आली तरी आमच्याच टेबलावर बसून "सर, मीठ द्या" म्हणते. एकदा मी तिला म्हटलं, "अगं, इथे कोण ऐकतंय?" ती म्हणाली, "नको, मामा. एकदा तो शब्द तोंडातून निसटला की परत निसटेल." तिने मला मामा म्हटलं, त्याला कोणाची हरकत नव्हती.

परवा भाऊजी ठोकळा घासत होते. ती कप घेऊन आली. "सर, हे बघता?" त्यांनी हातातली कानस खाली ठेवली, चष्मा कपाळावर ढकलला. मी ओळखलं, आता 'म्हणू नकोस' येणार, आणि थांबलो. ते तिच्याकडे बघत राहिले. मग कप घेतला, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चांगला झालाय."

तेवढ्यात दारातून मास्तर आरोळी ठोकत आले, त्यांच्यामागून टायरवाला, आणि फोनबाईने पुढून हाक मारली. सगळे काका, काका करत होते. आता आम्ही घरचे सोडले तर आख्ख्या गल्लीत त्यांना काका न म्हणणारं एकच माणूस आहे.