बोटीवरची दुसरी पंगत

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मुलाला नाही, मालगुंडच्या माझ्या बहिणीला तर नाहीच. तिला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या वहिनींना पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलं होतं त्यांच्यासमोर हे बोलायची हिंमत मला अजून झालेली नाही.

गोष्ट जेवणाच्या टेबलाची आहे. टेबल केवढं घ्यायचं आणि शेजारी कोण बसवायचं, एवढीच. यात लपवण्यासारखं काय, असं वाटेल. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

आधी वहिनी कोण ते सांगते. वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. ह्यांच्या मोठ्या भावाची बायको. लग्न होऊन घरात आल्या तेव्हा हे दुसरीत होते, आई नव्हती. वहिनींनी ह्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, गोवरात मांडीवर घेऊन बसल्या. पुढे थोरले दीर गेले. मूलबाळ नव्हतं. माहेरच्यांनी बोलावलं तर म्हणाल्या, वसंताला कोण बघेल? आणि राहिल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात मला सासू नव्हती, वहिनी होत्या. त्यांनी मला कधी सासुरवास केला नाही. केला असता तर हे लिहिणं सोपं गेलं असतं.

आमच्याकडे पुरुष आणि मुलं आधी जेवायची. मग आम्ही दोघी. स्वयंपाकघरात, चुलीच्या बाजूला, समोरासमोर पाट टाकून. हंगामात आंब्याचं काम असायचं — काढणी, आढीत घालणं, पेट्या भरणं — गडीमाणसांची जेवणं उरकेपर्यंत दुपार कलायची. मग आमची दुसरी पंगत. मासे तोवर संपलेले असायचे. पण माझ्या भाताखाली एक तुकडा निघायचाच. शेपटीकडचा, कुरकुरीत, मला आवडतो तसला. वहिनी तो वाढायच्या आधीच काढून ठेवत आणि वर भात घालत. मी काही म्हटलं तर, "जेव गो गप. तुझा काय वाटा नाही?"

दुसऱ्या पंगतीचं मला वाईट वाटायचं असं समजू नका. दिवसातली तेवढीच वेळ आमची असे. कोणाची पोर पळाली, कोणाचा जावई कसा निघाला, सगळं तिथे. वहिनी फार हसवायच्या.

तर — दोन हजार तीन साली आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मुलगा पुण्याला नोकरीला लागला होता. त्याने आम्हा दोघांना सिंगापूरची सहल दिली, सोबत तीन रात्री मोठ्या बोटीवर. हे लगेच म्हणाले, "वहिनीशिवाय मी बोटीवर पाय ठेवणार नाही." वहिनी नवरी होऊन मुंबईहून रत्नागिरीला बोटीने आल्या होत्या, तेव्हा बोटी चालू होत्या. पुन्हा एकदा बोटीत बसायचं त्यांच्या मनात होतं, हे त्या पंगतीत मला कितीदा बोलल्या होत्या. मी म्हटलं, हो, येऊ देत की. मनात काय म्हटलं? मनात म्हटलं — पंचवीस वर्षांत एकदा.

हे मी सबब म्हणून सांगत नाही. होतं म्हणून सांगते.

बोट पाहून वहिनी धक्क्यावरच थांबल्या. "हिला बोट म्हणतात? ही तर रत्नागिरीची अख्खी मांडवी तरंगत्ये." पुण्याची माणसं हसली. आमच्या सहलीत पुण्याची माणसं जास्त. त्यातले एक डॉक्टर आणि त्यांची बायको विमानापासून आमच्याशी बोलत होते. छान बोलत. बाई कॉलेजात शिकवायच्या. मला त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता? मी सांगितलं, आमची कलमं आहेत, पेट्यांचा सगळा व्यवहार मी बघते. त्या म्हणाल्या, वा! मला असं कोणी 'वा' म्हटलेलं नव्हतं. आणि तेवढ्यात मागून वहिनी — "हिला हिशेब येतो हो, पण भाकरी अजून वाकडीच!" सगळे पुन्हा हसले. मीही हसले.

बोटीवर दुपारी कुठेही बसून जेवा. रात्रीच्या जेवणाला मात्र टेबलं नेमून दिलेली. सहलीबरोबर आलेली मुलगी पहिल्याच दुपारी खाली बसून सगळ्यांना विचारत होती — दोघांचं टेबल हवं, चौघांचं की आठजणांचं? आणि पहिली पंगत की दुसरी? ती पंगत म्हणाली नव्हती, काहीतरी इंग्रजी शब्द होता, पण मला पंगतच ऐकू आली. पहिली दिवेलागणीला, दुसरी त्यानंतर दोन तासांनी. हे वहिनींना घेऊन वर समुद्र दाखवायला गेले होते. मी एकटी होते. डॉक्टरीणबाई माझ्या मागेच उभ्या. म्हणाल्या, "आपण चौघांचं घेऊ या ना, खिडकीजवळचं. पहिल्या वेळेला."

ती मुलगी म्हणाली, "पण काकू, तुम्ही तिघं आहात ना?"

इथे मी थांबले. थोडाच वेळ. मग आठजणांचंच टेबल द्या, असं म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. आणि मला दिसलं — वहिनी काटे चोखतायत, ताटाच्या कडेला त्यांची रास रचतायत, डॉक्टरांना विचारतायत, पगार किती हो तुमचा. उरलेलं कागदात बांधून घेतायत. आणि मी त्यांच्या शेजारी, पुन्हा वाकड्या भाकरीची.

मी म्हटलं, "त्या आमच्या नात्यातल्या आहेत. त्यांना उशिरा जेवायची सवय आहे. त्यांना दुसऱ्या वेळेला घाला."

बघा, यात खोटा शब्द एकही नाही. नात्यातल्या होत्या. सवय होती. अशी सरळ सरळ वाक्यं. त्या मुलीने वहिनींना आठजणांच्या गोल टेबलावर घातलं, एका गुजराती कुटुंबाबरोबर.

खोटं मी नंतर बोलले. वहिनींना सांगितलं, "बोटवाल्यांनी नेमून दिलंय, तुमची दुसरी पंगत आहे." ह्यांना सांगितलं, "वहिनीच म्हणाल्या, मला उशिराच बरं, तुम्ही दोघं बसा." ह्यांचा चेहरा जरा पडला. "मला काही बोलली नाही ती," म्हणाले. मग म्हणाले, "असू दे. तिला आवडेल तसं."

हे दोघे एकमेकांशी बोलले तर? मला भीती वाटली का? नाही. मी दोघांनाही पुरती ओळखून होते. आमच्या घरात "जेवलीस का?" विचारतात आणि "जेवले" सांगतात. का, कशी, कोणाबरोबर — हे कोणी विचारत नाही. त्या ओळखीचाच मी उपयोग केला.

पहिल्या रात्रीचं जेवण मला आवडलं. हे सांगायलाच हवं, नाहीतर कबुली अर्धीच राहील. ताट माझ्यासमोर आधी आलं. गरम. मी कोणाला वाढलं नाही, कोणाचं संपेपर्यंत थांबले नाही. डॉक्टरीणबाईंनी कलमांबद्दल विचारलं, मी बोलत राहिले, हे कौतुकाने बघत राहिले. वहिनींची आठवण झाली नाही. एकदाही नाही.

जेवणानंतर गाण्याचा कार्यक्रम होता. जाताना माझी शाल टेबलाशी राहिली म्हणून मी एकटी परत आले. दुसरी पंगत बसली होती. काचेच्या दारातून मला वहिनी दिसल्या. गोल टेबल. गुजराती मंडळी आपापसात बोलत जेवत होती. वहिनींचं ताट भरलेलं, हात न लावलेलं. आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांनी आपली पिशवी ठेवली होती. वाढपी ती खुर्ची न्यायला आला, तशी त्यांनी खुर्चीवर तळहात दाबून धरला आणि मान हलवली — नाही, आहे कोणीतरी.

मला कळायला वेळ लागला नाही. त्यांनी माझ्यासाठी जागा धरली होती. पुरुषांचं आटोपलं की सुधा येईल. दुसऱ्या पंगतीला सुधा येतेच. इतकी वर्षं येतेय.

मी आत गेले नाही. शालही घेतली नाही.

सकाळी त्यांनी विचारलं, "काल आली नाहीस गो? थांबले होते मी." मी म्हटलं, डोळा लागला. "लागेल, लागेल. दमली असशील." दुसऱ्या रात्री मी त्या दारासमोरून गेलेच नाही, जिन्याने वरून फिरून गेले. तेव्हा त्या थांबल्या का, ते मला माहीत नाही. खरं सांगायचं तर, माहीत आहे.

तिसऱ्या रात्री त्या आमच्या खोलीच्या दाराशी आल्या. हे आत कपडे बदलत होते. वहिनींनी पदराखालून कागदी रुमाल काढला. आत माशाचा तळलेला तुकडा, टोकाकडचा. "ह्या बोटवाल्यांच्या माशाला ना काटा ना शेपूट. त्यातल्या त्यात कुरकुरीत बघून ठेवलाय. खा हो, दुसऱ्या पंगतीला येता येत नाही तुला, वसंतापाशी बसावं लागतं." आणि गेल्या.

माझं पोट भरलेलं होतं. मी तो कागदासकट न्हाणीघरातल्या डब्यात टाकला. ह्यांनी विचारलं, कोण आलं होतं? म्हटलं, कोणी नाही.

इथेच संपलं असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. पण घरी आल्यावर ह्यांच्या मनाने घेतलं की आता आपल्याकडेही टेबल हवं. जमिनीवर बसून गुडघे धरतात. पालीच्या सुताराकडून करवून घेऊ. त्याने विचारलं, केवढं करू? हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, चारजणांचं. जागा कमी आहे. जागा कमी नव्हती, पण चारही पुरेसं होतं — आम्ही तिघंच होतो.

टेबल आलं त्या दिवशी हे वहिनींना हाक मारायला उठले आणि परत बसले. म्हणाले, "राहू दे. तिला उशिराच बरं वाटतं. बोटीवरसुद्धा तिने तेच मागून घेतलं." आणि मला म्हणाले, तू बस माझ्याबरोबर. मी बसले.

तेव्हा बोलता आलं असतं. एक हाक मारायची होती — वहिनी, या. एवढंच. पण त्या येऊन बसल्या असत्या, हे म्हणाले असते, अगं तुला तर उशिरा आवडतं ना, आणि मग बोटीवरचं सगळं निघालं असतं. मी आमटी वाढली.

त्यानंतर वहिनी स्वयंपाकघरात एकट्या जेवायला लागल्या. मी कधी कधी जाऊन समोर बसायची, जेवून झालेली, पेट्यांचे हिशेब मांडीवर घेऊन. त्या पहिल्यासारखं बोलायच्या, पण एकटं जेवणारं माणूस भरभर जेवतं. आल्यागेल्याला मात्र बोटीची गोष्ट रंगवून सांगायच्या. "तिथे पण दोन पंगती हो! सातासमुद्रापार गेले तरी माझी दुसरी काही सुटली नाही." लोक पोट धरून हसायचे. मी चहा आणून द्यायची.

एकदाच त्यांनी विचारलं. पावसाळा तोंडावर आला होता, आम्ही दोघी कोकमं भरत होतो. मान वर न करता म्हणाल्या, "वसंता का गो मला जेवायला हाक मारत नाही? माझ्या खाण्याची लाज वाटत्ये काय त्याला?"

लाज त्याला वाटत नव्हती. त्याला कधीच वाटली नाही. हे सांगायला मला किती शब्द लागले असते?

मी म्हटलं, "नाही हो. साखर झाल्यापासून त्यांना भूक धरवत नाही."

"हां," म्हणाल्या. "साखरेचं असतं तसं." आणि बरणीचं झाकण लावलं.

पुढे चार वर्षांनी त्या गेल्या. आजार फार नाही, झोपून नाही. तेराव्याला लोक जेवायला बसले होते, कोणीतरी आठवण काढली, आणि हे सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनीला एकटीनंच जेवायला आवडायचं. मला फार वाटायचं तिने माझ्याबरोबर बसावं. पण तिची मर्जी." मी पंगतीत भात वाढत होते. पुढच्या पानावर वाढलं, त्याच्या पुढच्या पानावर वाढलं.

ह्यांना मी अजूनही सांगितलेलं नाही. सांगणार आहे, असंही म्हणत नाही.

काल बांगडे आणले होते. आम्ही दोघंच टेबलावर. ह्यांनी ताटलीतला शेपटीकडचा तुकडा उचलला, जरा वेळ धरला आणि म्हणाले, "हा वहिनीला आवडायचा. नेहमी बाजूला काढून ठेवायची, मी लहानपणापासून... नाही, तू आल्यापासून बघतोय." आणि तो माझ्या ताटात ठेवला.

वहिनींना कुठला तुकडा आवडायचा ते मला माहीत नाही. उरेल तो त्या घेत.

तुकडा कुरकुरीत होता. मी तो खाल्ला.